खडकवासला विश्वेश्वरय्यांनी बांधलेलं नाही

१५ सप्टेंबर, म्हणजे इंजिनिअर विश्वेश्वरय्यांचा जन्मदिवस आणि अभियंता दिन, जवळ आला की तोच मेसेज फिरायला लागतो. सर विश्वेश्वरय्यांनी खडकवासला धरण बांधलं, हैदराबादला पुरातून वाचवलं, म्हैसूरजवळचं कृष्णराजसागर धरण सिमेंटशिवाय एकहाती उभं केलं, आणि रेल्वेत बसल्या बसल्या नुसत्या आवाजावरून पुढचा रूळ तुटलाय हे ओळखून साखळी ओढली. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर यंदा तीनदा आला.

खडकवासल्यापासून सुरुवात करू. ते धरण १८७०च्या दशकातलं, फाइफ नावाच्या लष्करी इंजिनिअरच्या देखरेखीखालचं. म्हणून तर जलाशयाला 'लेक फाइफ' म्हणायचे. तेव्हा विश्वेश्वरय्या विद्यार्थी होते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून ते १८८३ साली इंजिनिअर झाले. त्यांचं काम १९०३चं: सांडव्यावरची, म्हणजे जादा पाणी सोडण्याच्या वाटेवरची, स्वयंचलित दारं. पाणी ठरलेल्या पातळीला येईपर्यंत दारं मिटलेली, वर चढलं की आपोआप उघडणार, ओसरलं की पुन्हा मिटणार. भिंतीवर एक दगडही न चढवता पाण्याची पातळी सुमारे ८ फूट वाढली. माझ्या मते हे नवं धरण बांधण्यापेक्षा अवघड, कारण जुनी भिंत किती ताण सोसेल याचा हिशेब चुकला तर खाली अख्खं पुणं.

हैदराबादला वाचवलं? तिथल्या मुसी नदीचा पूर २८ सप्टेंबर १९०८चा. तेव्हा ते मुंबई सरकारची नोकरी सोडण्याच्या वाटेवर होते आणि युरोपात फिरत होते. निजामाच्या बोलावण्यावरून १९०९ मध्ये हैदराबादला आले ते पुन्हा असा पूर येऊ नये याची योजना आखायला. नदीच्या वरच्या अंगाला जलाशय करून लोंढा तिथेच अडवायचा आणि शहरात भुयारी गटारं घालायची, असा त्यांचा सल्ला. उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला, तोवर ते हैदराबाद सोडून केव्हाच गेले होते.

कृष्णराजसागरात सिमेंट खरंच नव्हतं, चुना-सुरखी (चुना आणि विटांची भुकटी) होती. पण 'एकहाती' कसलं? काम १९११ला सुरू झालं, ते १९१८ अखेर म्हैसूरच्या दिवाणपदावरून उतरले, आणि बांधकाम पुढे १९३१-३२ पर्यंत चाललं.

साखळीच्या गोष्टीत गाडी कुठली, साल कुठलं, स्टेशन कुठलं, काहीच नसतं. खासगी कामासाठी सरकारी मेणबत्ती विझवून स्वतःची पेटवण्याची गोष्टही त्यांच्या नावावर खपते. तीच चाणक्याच्याही नावावर आहे.

मेसेजमध्ये कधीच येत नाही ते सक्कर. १८९४-९५ साली सिंधमधल्या या नगरपालिकेला नळाचं पाणी हवं होतं. नदी दारात, पण सिंधूचं पाणी गढूळ, आणि गाळण्याच्या टाक्या बांधायला पालिकेकडे पैसे नव्हते. विश्वेश्वरय्यांनी काठालगत नदीच्या पात्रातच विहीर घेतली. वाळूतून झिरपत येणारं पाणी आयतं गाळलेलं. ते उपसून टेकडीवर चढवलं, तिथून उताराने गावात. पुढे सुरतेचं पाणी, एडनचं पाणी आणि गटारं, असल्याच कामांत त्यांची वर्षं गेली. पण वाळूतल्या विहिरीचा फॉरवर्ड कोण पाठवणार!