चौदाशे रुपयांचा ठोकळा घ्यावा का?

परवा एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. मातीचे बारा दिवे करतेय, माणूस जवळ गेला की उजळणारे. "मॅडम, कलाकारांसाठी तयार सेन्सरचे ठोकळे मिळतात, एक चौदाशेला. घेऊ का?" बारांचे सोळा हजार आठशे. फोनवर दिलेलं उत्तर मलाच अपुरं वाटलं, म्हणून इथे लिहितेय.

मी सांगलीत नाटकांचं नेपथ्य करते आणि गणपतीत हलते देखावे. विजेचं शिक्षण दहावीच्या विज्ञानापुरतं. त्यामुळे असल्या तयार वस्तूंना सरसकट 'लूट' म्हणणं मला पटत नाही. माझं पहिलं सर्किट साधं होतं: उजेड पडला की मूर्तीचा हात हलायचा. एलडीआर (उजेड ओळखणारा भाग), बीसी ५४७ ट्रान्झिस्टर (छोटा इलेक्ट्रॉनिक स्विच), रिले (कॉइलच्या चुंबकानं चालणारा स्विच). सामान शंभराच्या आत. पण दोन रात्री गेल्या आणि तीन ट्रान्झिस्टर जळाले. शेवटी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे गेले. त्यांनी बघताक्षणी विचारलं, "डायोड कुठाय, ताई?" रिलेची कॉइल बंद होताना उलटा झटका मारते, तो डायोडनं, म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या भागानं, अडवायचा असतो. हे मला कोण सांगणार होतं? तयार मॉड्यूलमध्ये, म्हणजे जोडूनच विकलेल्या ठोकळ्यात, तो डायोड आधीच बसवलेला असतो. त्या शहाणपणाचे पैसे द्यायला माझी ना नाही.

मात्र तोच डायोड साध्या, स्वस्त रिले मॉड्यूलवरही असतो. मग 'कलाकारांसाठी' म्हटलं की किंमत कित्येक पट का होते? कधी त्याला खरं कारण असतं. २००७ मध्ये बाजारात आलेला लिलीपॅड हा छोटा सर्किट बोर्ड घ्या. लिआ ब्यूकली यांनी तो कापडावर शिवण्यासाठीच घडवला. कडेला मोठी भोकं, त्यातून वीज वाहणारा दोरा ओवायचा. सुईदोरा धरणाऱ्या हाताचा विचार आहे त्यात. आर्डुइनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्डसुद्धा २००५ मध्ये इटलीतल्या इव्हरेआत डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठीच तयार झाला, आणि त्याचा आराखडा सगळ्यांना खुला ठेवला. म्हणून तर त्याच्या स्वस्त प्रती आज आपल्यापर्यंत पोचतात.

माझा राग आहे तो बंद डब्यांवर. गेल्या वर्षी गजेंद्रमोक्षाच्या देखाव्यात मी असेच महागडे ठोकळे वापरले. दुसऱ्याच रात्री एक गेला आणि मगर जबडा अर्धा उघडून थांबली. रांगेत पोरं उभी. ठोकळा उघडावा तर आत काळं इपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारा डिंकासारखा रस, ओतलेलं, सर्किटचा कागद कुठेच नाही. विकणाऱ्याचं उत्तर: नवा घ्या. तो पोचणार अनंत चतुर्दशीनंतर. काकांनी हातात घेतला आणि परत दिला. म्हणाले, "यात बघायला काहीच ठेवलं नाही त्यांनी." मला ते फार लागलं.

इथून जवळच मिरजेत तंबोरे होतात. चांगला तंबोरा स्वस्त नसतो, आणि कुणी गवई त्याबद्दल कुरकुरत नाही. तारांनी घोडी झिजली की तो कारागिराकडे नेतात, कारागीर कानानं ऐकत घोडी घासून जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी झार, काढून देतो, वाद्य पुन्हा बोलायला लागतं. पिढ्यान्‌पिढ्या चालतं हे. महाग इलेक्ट्रॉनिक्स घेताना मी आता हेच बघते: बिघडलं तर माझ्या गावातला माणूस ते उघडू शकेल का? सर्किट छापून दिलंय का? सुटा भाग इथे मिळेल का? नसेल, तर कितीही सुबक असलं तरी चौदाशे जास्तच आहेत.

त्या मुलीला सांगितलं, एकच घे, तोही सर्किट दिलेला. पहिला दिवा त्यावर कर, किती अंतरावरून उजळला की बरं वाटतं ते ठरव. उरलेल्या अकरांसाठी चाहूल घेणारे साधे पीआयआर सेन्सर आण, शंभराच्या आतबाहेर मिळतात. रविवारी माझ्याकडे बसून जोडू. काकांनाही बोलावलंय.