लोंबीला म्हणे उंदीर लागतात

परवा बेळगावात टिळकवाडीतील एका मंगल कार्यालयात आहेराच्या टेबलामागे वही उघडून बसलेल्या नवरदेवाच्या मामांनी, मी घरी बांधून नेलेल्या भेटीवरची भाताची लोंबी दोन बोटांनी उपटली, "ह्याला उंदीर लागत्यात ओ मावशी," असे समजावणीच्या सुरात मला सांगितले आणि ती टेबलाखाली टाकून दिली. ज्यांनी पत्रिकेवर "आपली उपस्थिती हाच आहेर" असे ठळक छापले होते, त्यांच्याच मंडपात ही वही, ही वहीवरची चिकटपट्टी आणि हे मामा होते, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते. इतक्यावर थांबतील तर ते मामा कसले! खोक्यांना लावायची ती रुंद तपकिरी पट्टी त्यांनी कर्र आवाज करीत ओढली, भेटीभोवतीच्या इरकली साडीच्या काठावरून तिचे दोन वेढे घातले आणि काळ्या मार्करने कागदाच्या अगदी दर्शनी भागावर क्रमांक व माझे आडनाव लिहिले, तेही ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा न करता. "आत काय हाय?" असे विचारून मी "निरांजनांची जोडी" म्हणेपर्यंत एका पोऱ्याने ती वस्तू मागच्या प्लास्टिकच्या टबात सोडलीदेखील, आणि तिच्यावर कोणाच्या तरी कुकरचे खोके येऊन आदळले.

आता ती लोंबी काय होती ते ऐकावे. तुळशीचे लग्न होऊन गेलेले, खानापूरकडची सुगी नुकतीच आटोपलेली, आणि माहेरच्या शेतातून आलेल्या भाताच्या मुठीतून मी एकेक काडी निवडून, दाणे झडू नयेत म्हणून सावलीत वाळवून, ती सुतळीच्या गाठीत खोवली होती. घर भरलेले राहावे ही इच्छा नव्या जोडप्याला याहून सरळ कशी सांगायची असते? खाली साधा खाकी कागद होता, मुलांच्या वह्यांना जूनमध्ये घालतो तोच. त्यावरून सासूबाईंच्या विरलेल्या इरकलीचा गोमी काठ पट्टीसारखा फिरवला होता. टोकांकडे खोक्याच्या उंचीच्या निम्म्याहून थोडाच अधिक कागद सोडला होता, कारण त्याहून जास्त ठेवला की घड्या फुगतात आणि कमी ठेवला की कोपरा उघडा पडतो. कडा आत दुमडल्या होत्या आणि चिकटपट्टी बाहेरून कोठेही दिसत नव्हती. हे सारे मी मामांना तेथेच समजावून सांगू लागले तेव्हा माझ्या मागे रांग होती आणि रांगेतून कोणीतरी "पुढं सरका की ओ" असे ओरडले, ही गोष्ट वेगळी.

मुळात दोष एकट्या मामांचा नाही, तो त्या चकचकीत कागदाने बिघडवलेल्या नजरांचा आहे. खडेबाजारात जा, पांगुळ गल्लीत जा, दुकानदार विचारतो, "पॅक करून देऊ?" आणि उत्तराची वाट न पाहता लाल बदामांचा कागद ओढतो. भेट वास्तुशांतीची असो, बारशाची असो वा एखाद्या निवृत्त मास्तरांच्या सत्काराची असो, बदाम तेच! वर तो तयार चिकटवायचा प्लास्टिकचा गुच्छ, जो स्कूटरवरून शहापूरला पोहोचेपर्यंत कोठेतरी उडून गेलेला असतो. त्या कागदाचा मुठीत चुरगाळून गोळा करून पाहावा. मूठ उघडताच तो पुन्हा पसरतो, कारण तो कागद नसून प्लास्टिकची फिल्म असते, आणि रद्दीवाला तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. तरीही घरी येऊन माझ्या जाऊबाई म्हणणार, "एवढा कशाला त्रास घेतलीस गे, दुकानात वीस रुपयांत करून देत्यात की!"

गंमत अशी की हा छापील कागद गुंडाळायचा थाट ज्या अमेरिकेतून आला, तेथेही तो सामान संपल्यामुळे सुरू झाला. १९१७ साली नाताळात कॅन्सस सिटीतल्या हॉल बंधूंच्या दुकानातला पातळ साधा कागद संपला, तेव्हा त्यांनी पाकिटांच्या आत अस्तर म्हणून लावायचे नक्षीदार फ्रेंच कागद दहा सेंटला एक या दराने पुढे ठेवले आणि ते हातोहात खपले. म्हणजे अस्तराला आपण शालू समजतो आहोत! याच्या दुसऱ्या टोकाला पुण्याच्या वहिनी आहेत. त्या जपानी लोक भेटी कापडात कशा बांधतात याचे व्हिडिओ मला पाठवतात आणि खाली "किती छान ना" असे लिहितात. ज्या घरात त्यांचे बालपण गेले तेथे शेतावरची भाकरी रोज धडप्यात बांधून जात होती आणि आहेराचा खण-नारळ ओच्यातून येत होता, तेव्हा मात्र कोणाला काही छान वाटले नव्हते.

माझ्या घरातही माझी बाजू घेणारे कोणी नाही. यजमानांच्या हिशेबाने माझ्या बांधणीला लागलेल्या वेळात निरांजने नव्याने घडवून झाली असती. मुलगा माझ्या खोलीला पार्सल ऑफिस म्हणतो, आणि त्यात तथ्य आहे, कारण इतरांच्या भेटींवरचे कागद मी न फाडता सोडवते, उलट्या बाजूने इस्त्री करते आणि माहेरून आलेल्या ट्रंकेत रचून ठेवते. त्या ट्रंकेतून साड्या केव्हाच हद्दपार झाल्या आहेत. कागदाची म्हणून वेगळी ठेवलेली कात्री दुधाच्या पिशव्या कापायला वापरली गेली की मी जे बोलते, ते शेजारच्या कन्नड मावशींनाही शब्द न समजता नीट समजते.

असो. पुढच्या लग्नाला मी पाकीट नेणार आहे. पण त्या पाकिटांचे तरी काय सांगावे! सोनेरी गणपतीची भुकटी बोटांना लागते, एक रुपयाचे नाणे डिंकाच्या एका टिपक्यावर लोंबकळत असते आणि ऐन वेळी पर्सच्या तळाशी सापडते, तर झाकणाचा डिंक जिभेला कडू लागतो, कागदाला मात्र लागत नाही. मग चिकटपट्टीच शोधावी लागते, आणि तिचे टोक कोणत्या नतद्रष्टाने वापरून झाल्यावर पुन्हा सपाट चिकटवून ठेवले आहे, हे या घरात कोणीही कबूल करत नाही.