फाटक्या बुटांचा हिशेब

व्यापाऱ्याला सैनिकाचं दुःख काय कळणार, असं आपण सहज बोलून जातो. मीही बोलायचो. फ्रँकलिन डोलियरबद्दल वाचलं आणि ते बोलणं मागे घेतलं.

हा फिलाडेल्फियाचा सुताचा व्यापारी. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याबरोबर फ्रान्सला गेला, पण खंदकात नाही, पुरवठा खात्यात. आघाडीवरून येणारं फाटकं-तुटकं सामान पुन्हा वापरात आणायचं, हे त्याचं काम. तूर शहराजवळ सां-पिएर-दे-कोरला मोठा डेपो होता. चिखल वाळून कडक झालेले बूट, फाटलेले कोट तिथे येऊन पडत. फ्रेंच बायका ते निवडत, उसवत, पुन्हा शिवत. सैनिकांच्या जुन्या फेल्ट टोप्या कापून इस्पितळातल्या जखमींसाठी सपाता व्हायच्या. लढाईला जाताना डोक्यावर असलेली टोपी परतताना कुणाच्या तरी दुखऱ्या पायात! या एका गोष्टीपाशी मी बराच वेळ अडकलो.

फेब्रुवारी १९१९ मध्ये पॅरिसला ज्या वीस अधिकाऱ्यांनी माजी सैनिकांच्या संघटनेचा विचार मांडला, त्यांत डोलियर होता. ‘अमेरिकन लीजन’ उभी राहिली आणि नोव्हेंबरात मिनियापोलिसच्या अधिवेशनात तो तिचा पहिला राष्ट्रीय प्रमुख झाला. तेव्हा युद्धात पूर्ण अपंग झालेल्या सैनिकाला महिन्याला ३० डॉलर मिळत. तीस! त्यात तो खाणार काय, औषध घेणार काय? डिसेंबरात लीजनने वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्यांना जेवायला बोलावलं आणि वॉल्टर रीड इस्पितळातले जखमी सैनिक त्यांच्याच पंगतीला बसवले. नाताळच्या आदल्या दिवशी कायदा झाला, रक्कम ८० डॉलर झाली. दहा भाषणांनी जे झालं नसतं ते एका जेवणाने झालं, असं माझं ठाम मत आहे.

पण सगळंच गोड मानून घेणार नाही. कृष्णवर्णीय सैनिकांना सामावून घ्यायचं की नाही, हे लीजनने राज्यांवर सोडलं. दक्षिणेत बहुतेक ठिकाणी त्यांच्यासाठी दारं बंदच राहिली. तेही त्याच फ्रान्सला जाऊन आले होते. प्रमुखाच्या खुर्चीवर असताना डोलियरने हे चालू दिलं, याचा मला राग येतो आणि तो यावाच.

पुढे १९३८ मध्ये तो प्रुडेन्शियल या बलाढ्य विमा कंपनीचा अध्यक्ष झाला. १९४४ मध्ये, दुसऱ्या महायुद्धातल्या दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बहल्ल्यांनी नेमकं काय साधलं हे तपासणाऱ्या सरकारी समितीचं अध्यक्षपद त्याच्याकडे आलं. लोकांना विजयाच्या गोष्टी हव्या होत्या. समितीने आकडे मांडले. बॉम्ब पडत असतानाही १९४४ च्या मध्यापर्यंत जर्मनीचं युद्धोत्पादन वाढतच होतं. जपानबद्दल तर १९४६ मध्ये स्वच्छ लिहिलं, की अणुबॉम्ब टाकला नसता तरी १९४५ संपण्याआधी, बहुधा १ नोव्हेंबरच्याही आधी, त्याने शरणागती पत्करली असती. या निष्कर्षावर इतिहासकार आजही भांडतात, भांडोत. जिंकलेल्या देशाच्याच समितीने, युद्ध संपून वर्षही झालं नव्हतं तेव्हा, हे छापून लोकांसमोर ठेवलं होतं.