आजोबांची आरामखुर्ची आणि ब्रिटनची राज्यघटना

‘ब्रिटनला राज्यघटनाच नाही,’ असं कट्ट्यावर कुणीतरी ठोकून देतं आणि बाकीचे माना डोलावतात. नाही कशी? आहे की! फक्त एका पुस्तकात बांधलेली नाही. 1689 चं बिल ऑफ राइट्स आहे, 1911 आणि 1949 चे पार्लमेंट अ‍ॅक्ट आहेत, कोर्टाचे निकाल आहेत. हे सगळं लेखीच. गंमत आहे ती उरलेल्या भागात, म्हणजे कुठेच न लिहिलेल्या प्रथांमध्ये.

1963 साली पंतप्रधान मॅकमिलन आजारपणामुळे पायउतार झाले आणि राणीने बोलावलं अर्ल ऑफ होम यांना. हे गृहस्थ लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ, न निवडलेल्या उमरावांच्या सभागृहात. पंतप्रधान कॉमन्समधलाच, म्हणजे लोकांनी निवडलेल्या सभागृहातलाच हवा असा कायदा तेव्हा नव्हता, आजही नाही. पण 1902 मध्ये लॉर्ड सॅलिस्बरी पंतप्रधानपदावरून गेले, त्यानंतर लॉर्ड्समधून पंतप्रधान झाला नव्हता. होम यांनी मुकाट्याने लॉर्डपद सोडलं आणि स्कॉटलंडमधून पोटनिवडणूक लढवली. मधला पंधरवडा देशाचा पंतप्रधान त्रिशंकू, ना या सभागृहात ना त्या! कुणी कोर्टात गेलं असतं तरी दाखवणार काय? मोडायला कलमच नव्हतं.

हे चालतं कशावर? माझ्या मते, लाजेवर. आमच्या घरी आजोबांच्या आरामखुर्चीत कुणी बसायचं नाही, हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. आजोबा गेल्यावरही वर्षभर ती रिकामीच राहिली. मग गणपतीला आलेला एक चुलतभाऊ मोबाइल बघत बघत खुशाल तिच्यात बसला. आजीने एकदा पाहिलं आणि ती आत निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून खुर्चीवर धुतलेले कपडे पडायला लागले.

2019 मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन असेच येऊन बसले. ब्रेक्झिट, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडणं, तोंडावर आलेलं आणि यांनी राणीला सल्ला देऊन संसद पाच आठवडे संस्थगित, म्हणजे बंद करवली. पंतप्रधानाचा सल्ला राणीने मानायचा, हीसुद्धा प्रथाच; त्या तरी काय करणार! 24 सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाच्या 11 न्यायाधीशांनी एकमताने ते बेकायदा ठरवलं. कोर्टाच्या अध्यक्षा लेडी हेल निकाल वाचत होत्या आणि लोक त्यांच्या काळ्या ड्रेसवरचा भलामोठा कोळी बघत होते. ब्रोच होता तो. दुसऱ्या दिवशी खासदार परत बाकांवर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र हळहळ वाटली. खुर्चीवरून भांडण कोर्टात गेलं, म्हणजे आजीचा धाक संपलाच होता ना?

आणि आपण फार शहाणे असं समजू नका. मूळ घटनेत 395 कलमं लिहिली, पण मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक आहे, हे कलम 74 मध्ये स्पष्ट लिहिलंच नव्हतं. ब्रिटनसारखी प्रथा पडेल म्हणून सोडून दिलं. खुद्द राजेंद्रप्रसादांनी त्यावर शंका काढली होती. ते शेवटी लेखी आलं 42 व्या घटनादुरुस्तीने, 1976 मध्ये. ऐन आणीबाणीत. एवढी वर्षं थांबून आपल्याला मुहूर्त सापडला तो हा!