सोळा धडे, चार जण, एक पातेलं पोहे

बारावीची केमिस्ट्री एकट्यानं करण्यात फार धोका असतो. एकटा माणूस पुस्तक उघडतो, आणि उघडं पुस्तक समोर असलं की चुकून वाचलंही जातं. हा धोका टाळायचा तर ग्रुप स्टडीला पर्याय नाही. तीन वर्षांपूर्वी थोरलीच्या वेळी आणि यंदा धाकट्याच्या वेळी ही सभा आमच्याच हॉलमध्ये भरली. मी शेजारच्या खोलीत पेपर उघडून बसतो आणि मधलं दार नीट लागत नाही. (सुतार ‘उद्या येतो’ म्हणाला, त्यालाही तीन वर्षं झाली.) एवढ्या अनुभवावर चार शब्द सांगायला हरकत नसावी.

पहिलं, घर. घर निवडताना वायफाय बघू नका, ते सगळीकडे असतं. काकू बघा. ‘पोरं अभ्यासाला आलीत’ एवढं ऐकल्यावर जी काकू अर्ध्या तासात पोहे टाकते, तिचं घर पक्कं करा. काका शक्यतो कामावर जाणारे असावेत. घरी असलेच तर पेपर वाचणारे असावेत, ‘काय रे, कुठला धडा चाललाय?’ असं विचारणारे नकोत.

माणसं चार घ्या. तिघांत अभ्यास होण्याची भीती असते, पाच जमले की खाली क्रिकेट सुरू होतं. चौघांत एक हुशार लागतोच, कारण झेरॉक्स कुणाच्या तरी वहीची काढावी लागते. आमच्याकडे ही जागा ए विंगमधल्या एका मुलीकडे आहे. तिचं जर्नल डिसेंबरातच पूर्ण होऊन सही-शिक्क्यासह परत आलं होतं. तरीही तिनं येताना नियमाप्रमाणे ‘माझं काहीच झालं नाही यार’ म्हटलं, हे तिच्या मोठेपणाचं लक्षण.

हे वाक्य महत्त्वाचं आहे, ते मनापासून घोटा. चपला काढण्याआधी प्रत्येकानं ते म्हणायचं आणि बाकीच्या तिघांनी ‘माझंही’ असं उत्तर द्यायचं. पहिल्या दिवशी दाराआडून हे ऐकून मला वाईट वाटलं. चौथ्या दिवशी लक्षात आलं की पोरं हे ऐकायलाच लांबून येतात. ‘माझंही’ ऐकलं की खांदे कसे खाली येतात ते बघण्यासारखं असतं. घरी एकट्यानं बसलं की झोप उडते, इथं चौघांचंही काही झालेलं नाही म्हटल्यावर पोह्यांवर लिंबू पिळायला हात मोकळा होतो. रात्री घरी गेल्यावर मात्र साडेबाराला ‘झोपलास का?’ असा मेसेज टाकायला विसरू नका. उत्तर आलं तर तो जागा आहे. जागा आहे म्हणजे वाचतोय. ही गद्दारी सकाळी सभेपुढे मांडावी.

मग टाइमटेबल. यासाठी मोठा कागद, तीन रंगांची जेल पेनं आणि एक अख्खी संध्याकाळ राखून ठेवा. धडे सोळा, दिवस बावीस, त्यात संक्रांत, कुणाच्या तरी ताईचा साखरपुडा आणि भारताच्या मॅचेस. ‘रिव्हिजन’ या शब्दाला गुलाबी रंग द्या, कारण त्या दिवसाचा पुढं दुसरा काही उपयोग होणार नाही. टाइमटेबल पूर्ण झालं की इतका थकवा येतो की त्या दिवशी वाचणं योग्य नव्हे.

दुसऱ्या दिवशी सुरुवात नेहमी पहिल्या धड्यापासून. धडा पहिला, सॉलिड स्टेट, म्हणजे घन पदार्थात अणू कसे रचलेले असतात ते. तिसऱ्या दिवशी खंड पडला की चौथ्या दिवशी पुन्हा श्रीगणेशा, म्हणजे पुन्हा सॉलिड स्टेट. आमच्या पोरांनी हा धडा सात वेळा सुरू केला. मध्यरात्री हलवून उठवलं तरी सिंपल क्यूबिक रचनेचं पॅकिंग (अणूंनी भरलेली जागा) ५२.४ टक्के, बॉडी सेंटर्डचं ६८ आणि फेस सेंटर्डचं ७४ हे धडाधड सांगतील. सोळावा धडा ग्रीन केमिस्ट्री आणि नॅनोकेमिस्ट्रीचा आहे. आमच्या पुस्तकात त्याची पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. पुस्तकाची कड आडवी धरून पाहिली की पुढचा भाग काळपट आणि मागचा पांढराशुभ्र दिसतो. भूगर्भशास्त्रज्ञ असाच थरांवरून काळ ओळखतात म्हणे.

सात वेळा एकच धडा केल्यावर वेळ कमी पडतो, आणि मग ‘ऑप्शनला टाकणे’ ही थोर पद्धत कामी येते. पेपर ७० मार्कांचा, वेळ ३ तास, उरलेले ३० प्रॅक्टिकलचे. दोन मार्कांचे प्रश्न बारापैकी आठ, तीन मार्कांचेही बारापैकी आठ, चार मार्कांचे पाचापैकी तीन. इतक्या प्रेमानं बोर्ड सोडून द्यायला सांगतंय, तर आपण कोण नाही म्हणणार? आमच्याकडे प्रत्येकानं न आवडणारे चार धडे ऑप्शनला टाकले. एकानं इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचा घाट सोडला, दुसऱ्यानं कोऑर्डिनेशन कंपाउंड्स, तिसऱ्याला बायोमॉलिक्यूल्स बघून मळमळतं. मग ‘ज्याला जो येतो त्यानं तो बाकीच्यांना शिकवायचा’ असं ठरलं. बेरीज केली तेव्हा कळलं की चार जणांचे प्रत्येकी चार, एकही धडा दोनदा न येता, बरोबर सोळा झाले होते. पोर्शन संपला. त्या आनंदात वडापाव मागवण्यात आले.

फिजिकल केमिस्ट्री कंटाळवाणी वाटली की ऑरगॅनिककडे, म्हणजे कार्बनच्या संयुगांकडे वळा. तिथं निदान रिॲक्शन्सना माणसांची नावं असतात, त्यामुळं गप्पा मारल्यासारखं वाटतं. बेन्झाल्डिहाईड या एकट्या रसायनापर्यंत जायचे रस्ते बघा. टोल्युइनवरून निघालात तर ईटार्डच्या गाडीनं जायचं, बेन्झीनवरून निघालात तर गॅटरमन आणि कोख या जोडीच्या. बेन्झॉइल क्लोराइडवरून रोझेनमुंडची सोय आहे, बेन्झोनायट्राइलवरून स्टीफनची. पाचही जण शेवटी सोडतात त्याच स्टॉपवर. या पाच जणांनी आपसात ग्रुप स्टडी केला असता तर आपल्याला एकच नाव पाठ करावं लागलं असतं, असं चिरंजीव म्हणाले. दाराआड मी मान डोलावली.

बेन्झाल्डिहाईडला पोचल्यावर पुढे कॅनिझारो नावाचा इटालियन केमिस्ट भेटतो, तो मात्र ऑप्शनला टाकू नका, कारण त्याची रिॲक्शन म्हणजे आपलीच गोष्ट आहे. अल्फा हायड्रोजन (अल्डिहाईड गटाशेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन) नसलेल्या अल्डिहाईडचे दोन रेणू, अगदी एकसारखे, तीव्र अल्कलीत शेजारी शेजारी बसतात. उठतात तेव्हा एकाचं ऑक्सिडेशन होऊन त्याचा आम्लाचा क्षार झालेला असतो आणि दुसऱ्याचं रिडक्शन होऊन अल्कोहोल. बसले एकत्र, एक वर गेला, एक खाली आला. कॅनिझारोनं हे १८५३ साली दाखवलं, तेव्हा त्याच्यासमोर कडू बदामाच्या तेलातलं बेन्झाल्डिहाईड होतं, आमच्या हॉलमधली पोरं नव्हती.

घरचे फारच बोलू लागले तर याच कॅनिझारोचा दाखला द्या. १८६० च्या सप्टेंबरात जर्मनीतल्या कार्ल्सरूहे गावी युरोपभरचे सुमारे १४० केमिस्ट तीन दिवस जमले होते. केकुले नावाच्या जर्मन केमिस्टनं यात पुढाकार घेतला होता. कारणही आपल्यासारखंच, कुणाचंच काही झालं नव्हतं. अणुभार किती धरायचा यावर एकमत नाही, पाण्याचं सूत्र कुणी एच-ओ लिहितोय, कुणी एच-टू-ओ. केकुलेनं पुढल्याच वर्षी आपल्या पुस्तकात एकट्या ॲसेटिक ॲसिडची चलनात असलेली १९ सूत्रं छापली. (बोर्डाला आता एकच चालतं, तरी आपण दोन लिहून येतो, ती परंपरा तिथली.) तीन दिवस भाषणं झाली, वादविवाद झाले, समित्या नेमल्या गेल्या. अणुभारांचा निर्णय काही झाला नाही. बघा, एवढ्या मोठ्या माणसांचंही होत नाही.

दाखला इथंच थांबवा. पुढचं घरच्यांना कळू देऊ नका. पुढं असं झालं की सभा उठताना पावेसी नावाच्या कॅनिझारोच्या मित्रानं त्याच्या नोट्सची पुस्तिका सगळ्यांना वाटली. अणुभार कसे काढायचे, रेणू आणि अणू यांत फरक काय, हे त्यात सरळ मांडलेलं होतं. लोथार मायर नावाच्या गृहस्थानं ती खिशात घातली आणि परतीच्या वाटेवर वाचली, घरी जाऊन पुन्हा वाचली. डोळ्यांवरची झापडं गळून पडली असं त्यानं नंतर लिहून ठेवलं. सभेला मेंडेलीव्ह हा रशियन केमिस्टही होता, आणि १८६९ साली त्यानं जे पीरियॉडिक टेबल मांडलं ते आपल्या वर्गाच्या भिंतीवर टांगलेलं आहे. तेव्हा काळजी घ्या. हुशार मुलीच्या नोट्सची झेरॉक्स जरूर काढा, स्पायरल बाइंडिंग करा, वर स्टिकर लावा. पण परतीच्या वाटेवर ती उघडू नका. एकट्यानं वाचण्याचे परिणाम आज दीडशे वर्षं पोरं भोगतायत.

आता लॉग टेबल. पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, त्यामुळं ते ग्रुपमध्ये एकच असावं आणि त्याचं कव्हर फाटलेलं असावं. सभेच्या नवव्या दिवशी गणित निघालं, हायड्रोक्लोरिक ॲसिडचं ०.००५ मोलर द्रावण, त्याचा पीएच काढा. (पीएच म्हणजे ॲसिडची तीव्रता सांगणारा आकडा, ॲसिड जितकं स्ट्राँग तितका तो लहान.) चिरंजीवांनी पोह्यांच्या हातानं टेबल उघडलं. पन्नासच्या ओळीसमोर हळदीचा अंगठा उमटला, तो अजून आहे. सहा नऊ नऊ शून्य. त्याआधी बार तीन, म्हणजे तीनच्या डोक्यावर मायनसची आडवी रेघ. मग ते आत्मविश्वासानं म्हणाले, ‘पीएच म्हणजे मायनस लॉग. मायनस आणि बार कॅन्सल. तीन पॉइंट सहा नऊ नऊ.’

दुसऱ्यानं मोबाइलवर करून बघितलं, तिथं दोन पॉइंट तीन शून्य एक आलं, आधी मायनस. पण पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, तेव्हा त्याचं उत्तरही धरायचं नाही, असं ठरलं. हा मुद्दा मला कायदेशीर वाटला.

ए विंगवाली म्हणाली, ‘अरे, बार फक्त तीनच्या डोक्यावर आहे. पॉइंट सहा नऊ नऊ प्लसच आहे. मायनस तीन अधिक पॉइंट सात, म्हणजे मायनस दोन पॉइंट तीन. पीएच दोन पॉइंट तीन शून्य एक.’

‘तू कन्फ्यूज करू नको ना.’

‘बरं, ०.००१ चा पीएच किती?’

‘तीन.’

‘हे त्याच्या पाचपट स्ट्राँग आहे. मग पीएच तीनच्या खाली जाणार की वर?’

दहा सेकंद कुणी बोललं नाही. ग्रुप स्टडीत अशी शांतता फार घातक. अशा वेळी एखाद्यानं प्रसंगावधान दाखवावं लागतं. तिसऱ्यानं दाखवलं, ‘काकू, पोहे आहेत का अजून?’ पोहे आले, शांतता मोडली आणि प्रश्न मताला टाकण्यात आला. तीन विरुद्ध एक. ३.६९९ बहुमतानं मंजूर. मला लॉगचा बार येतो. आमच्या वेळी त्याच बारवर माझे चार मार्क गेले होते, त्यामुळं पक्का येतो. पण पेपर वाचणाऱ्या काकांनी बोलायचं नाही हा नियम मीच वर सांगितला आहे, आणि खरं सांगायचं तर हे आता कुठवर जातं ते मला बघायचं होतं.

कॉलेजच्या प्रिलिमच्या दिवशी दुपारी चौघांना आणायला गाडी घेऊन गेलो. पेपर संपल्यावर काय करायचं हे सांगावं लागू नये, तरी सांगतो. प्रश्नपत्रिका हातात धरायची आणि ‘तुझं काय आलं?’ असं विचारत सुटायचं. उत्तर बरोबर आहे का, हे पुस्तकात बघायचं नाही. सगळ्यांचं सारखं आलं की ते बरोबर. मागच्या सीटवर हेच चाललं होतं. पीएचचं गणित आलं होतं, आकडाही तोच.

‘तीन पॉइंट सहा नऊ नऊ?’

‘सेम!’

‘माझंही सेम!’ टाळ्या. मग तिघं तिच्याकडे वळले. ‘आणि तुझं?’

‘सेम,’ ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

गाडीत इतका आनंद होता की दोघं उतरताना हॉल तिकिटं विसरून गेले. सोसायटीत शिरल्यावर चिरंजीव गाडी थांबायच्या आधीच उडी मारून वर पळाले. ती मागच्या सीटखाली घरंगळलेली पेन्सिल शोधत होती. सापडल्यावर दार लावताना म्हणाली, ‘काका, मी दोन पॉइंट तीन शून्य एक लिहिलंय. त्यांना सांगू नका हं.’

मी नाही सांगितलं. ग्रुप मोडला असता, आणि बोर्डाचा पेपर अजून महिन्यावर होता.