ग्रेव्ह्ज आजारात अश्वगंधा नको
लेखात ग्रेव्ह्ज आजारासाठी (यात शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइड ग्रंथीला जास्त काम करायला लावते) कार्बिमाझोल या थायरॉइडची संप्रेरके कमी करणाऱ्या गोळीबरोबर अश्वगंधा घेण्याचा सल्ला दिला आहे, तो मला धोकादायक वाटतो. अश्वगंधेमुळे थायरॉइडची संप्रेरके वाढू शकतात, आणि या आजारात तर ग्रंथी आधीच अतिसक्रिय असते. आमच्या नाशिकमध्ये पंचवटीपासून सिडकोपर्यंत हे चूर्ण चिठ्ठीशिवाय मिळते आणि ‘नैसर्गिक’ म्हणून डॉक्टरांना सांगायचेही राहून जाते. केसांसाठी घेतलेल्या बायोटिन या जीवनसत्त्वामुळे काही तपासण्यांत टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक; ते कमी असणे ही ग्रंथी अतिसक्रिय असल्याची खूण मानतात) खोटा कमी दिसू शकतो, हेही अनेकांना ठाऊक नसते. ध्यान, पुरेशी झोप यांना अर्थातच हरकत नाही. या आजारात डोळ्यांनाही त्रास होऊ शकतो, म्हणून धूम्रपान सोडणे मात्र अत्यावश्यक आहे. कार्बिमाझोलमुळे क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटतात, म्हणून ते घेताना ताप किंवा घसादुखी झाल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे आणि पांढऱ्या पेशी तपासून घ्याव्यात, एवढे तरी लेखात यायला हवे होते.