टॉवेल कडक का झाले: कळंब्याच्या वाचकाला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. दोन ओळींत उत्तर देण्यासारखी ती नव्हती, म्हणून आज सवडीनं लिहितोय.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात. गाडी पुसायचे मायक्रोफायबर टॉवेल कशानं धुवावेत यावरच्या लेखात मी म्हटलं होतं, की घरातलं साधं लिक्विड डिटर्जंट पुरतं, खास महागडी बाटली आणायची गरज नाही. दादांनी तीन महिने तसं केलं. आठ टॉवेल पापडासारखे कडक झाले, पाणी टिपायच्या ऐवजी पुढे ढकलायला लागले, आणि काळ्या गाडीच्या बॉनेटवर आता उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे चरे दिसतात. डिटेलिंगवाल्यानं, म्हणजे गाडी आतून-बाहेरून साफ करून चमकवून देणाऱ्यानं, त्यांना सांगितलं, की खास मायक्रोफायबर वॉशच घ्यायला हवा होता. शेवटची ओळ अशी होती: "अर्धवट माहिती देऊन लोकांचं नुकसान करू नका."

अर्धवट हा शब्द मला मान्य आहे. त्या लेखात पाण्याबद्दल एक ओळही नव्हती. मी शहरात राहतो, माझ्या नळाला नदीचं आणि धरणाचं पाणी येतं, आणि माझ्या मोरीत जे जमलं ते मी सगळ्यांना सांगून मोकळा झालो. तुम्ही मात्र जाता जाता लिहिलंय, "आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी आहे, बाकी सगळं तुम्ही सांगितलं तसंच." निम्मं उत्तर त्या वाक्यात आहे. उरलेलं निम्मं तुमच्या पुढच्या वाक्यात: "शेवटच्या पाण्यात कपड्यांना घालतो तसं कंडिशनर." कंडिशनर नको असं मी लिहिलं होतं खरं, पण एकाच ओळीत आणि कारण न देता. कारण न सांगितलेली सूचना कुणाच्या लक्षात राहणार? तीही चूक माझीच.

आता कारण सांगतो. सुती पंचा पाणी टिपतो, कारण कापसाचा धागाच पाणी शोषून घेतो. मायक्रोफायबरचं तसं नसतं. त्यात पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड म्हणजे नायलॉन असतं, बहुतेक वेळा 80:20 किंवा 70:30 या प्रमाणात, आणि पॉलिएस्टर स्वतः पाणी जवळजवळ शोषतच नाही. हे तंतू इतके बारीक असतात, की 9000 मीटर लांबीचा एक तंतू वजनाला एक ग्रॅमही भरत नाही. चांगल्या टॉवेलात तेही मोसंबीच्या फोडींसारखे उकललेले असतात. पाणी चढतं ते त्या फोडींमधल्या फटींत, वातीत तेल चढावं तसं. धूळही तिथंच अडकते आणि रंगाला न घासता उचलली जाते. टॉवेलाचा सगळा जीव त्या फटींत आहे. म्हणून डिटर्जंटची बाटली हातात घेतली की मी एकच विचार करतो: धुऊन झाल्यावर ही मागे काय ठेवून जाणार?

कंडिशनर मागे काहीतरी ठेवण्यासाठीच बनवलेलं असतं. त्यातल्या रेणूंवर धन प्रभार असतो, ते धाग्याला चिकटतात आणि त्यावर स्निग्ध थर देतात. हाताला मऊ लागतो तो हा थर. साडीला, शर्टाला त्यानं काही बिघडत नाही, पण इथं तो नेमका फटींत बसतो. नुसत्या पाण्यानं कितीही खळबळलं तरी तो निघत नाही. 'मऊपणा'चं किंवा 'आठवडाभर सुगंधा'चं आश्वासन देणारी टू-इन-वन लिक्विडं याच कारणासाठी टाळा.

आता बोअर. शाळेत आपण कठीण पाणी आणि मृदू पाणी शिकलो, ते इथं उपयोगी पडतं. बोअरचं पाणी आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या भेगांतून मुरत येतं आणि येताना कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पिण्याच्या नियमात बसणारं पाणीसुद्धा टॉवेलाला चांगलंच जड जाऊ शकतं. तुमच्या गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच प्रत्येक वाळवणीला थोडा थोडा टॉवेलात बसतोय.

पावडर वापरली असती तर हाल आणखी वाईट झाले असते. पावडरीत धुण्याचा सोडा असतो. सोडा आणि पाण्यातलं कॅल्शियम एकत्र आलं की चक्क खडू तयार होतो आणि धाग्यात अडकून राहतो. त्यात गार पाण्यात न विरघळलेले कण वेगळेच. वडीचं तर नावच नको. पूर्वी आमच्या घरी माझे दोन नवे टॉवेल वडी लावून ब्रशनं घासले गेले होते. वडीतला भरणा फटींत गेला, ब्रशनं तंतू विस्कटले, आणि ते टॉवेल पुन्हा कधी सुधारले नाहीत. लिक्विडमध्ये सोड्याचा त्रास कमी, म्हणून लिक्विड सुचवलं होतं आणि अजूनही सुचवतो. पण कठीण पाण्यात लिक्विडचाही काही भाग कॅल्शियमशी जुळण्यात खर्ची पडतो, फेस कमी दिसतो, आणि माणूस आणखी ओततो. तुम्ही आठ टॉवेलांना दोन झाकणं घालत होता. ते फार झालं. बादलीभर पाण्याला एक मोठा चमचा, म्हणजे साधारण 15 मिली, पुरे आहे.

डिटेलिंगवाल्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. खास वॉशमध्ये मऊपणाचं द्रव्य नसतं, तो लवकर खळबळून निघतो, आणि दिवसाला चाळीस-पन्नास टॉवेल धुणाऱ्याला ते सोयीचं पडतं. पण तीच बाटली तुम्ही तुमच्या बोअरच्या पाण्यात ओतली असती, वर कंडिशनर घातलं असतं, तर टॉवेल आजच्यासारखेच कडक झाले असते. महिन्यातून दोनदा घरची गाडी धुणाऱ्याला लोकरीच्या कपड्यांसाठी मिळणारं, सोडा नसलेलं सौम्य लिक्विड पुरतं. ईझीसारखं काहीही घ्या. या मतावर मी आजही ठाम आहे.

चऱ्यांचं वाचून मात्र मला खरंच वाईट वाटलं, कारण टॉवेल नवे आणता येतात, रंगाचं तसं नाही. क्लिअर कोटची, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराची, जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, आपल्या केसाइतकी किंवा त्याहून कमी. डिटर्जंटनं चरे पडत नाहीत. कडक झालेल्या तंतूंत खडा अडकतो आणि तो रंगावर फिरतो, म्हणून पडतात. तुमची गाडी दिवसभर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत उभी असते. आजूबाजूला फाउंड्र्या, हवेत लोखंडाचा कीस आणि साच्याची वाळू. ती वाळू म्हणजे सिलिका, गाडीच्या रंगापेक्षा कितीतरी कठीण. शिवाय चाकं पुसलेले आणि बॉनेट पुसलेले टॉवेल तुम्ही एकत्र धुता, म्हणजे ब्रेकची काळी धूळ थेट बॉनेटच्या टॉवेलात. चाकांचे टॉवेल वेगळ्या रंगाचे ठेवा, वेगळ्या बादलीत धुवा. गाडीवरही आधी पाण्याचा फवारा मारून धूळ उतरवा, मगच टॉवेल लावा.

तुमचे आठही टॉवेल फेकायची घाई करू नका. सुक्या टॉवेलावर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब मोत्यासारखा वरच बसला, तर कंडिशनरचा थर आहे. थेंब मुरला पण टॉवेल हाताला खरखरीत लागला, तर क्षार आहेत. तुमच्याकडे दोन्ही निघतील असा माझा अंदाज आहे. म्हणून आधी थर काढायचा: हाताला सोसेल अशा कोमट पाण्यात, 40 अंशांच्या आसपास, एक चमचा लिक्विड घालून तासभर भिजवा, हातानं चोळा, खळबळा आणि हेच पुन्हा एकदा करा. क्षारांची पाळी त्यानंतर. पाच लिटर पाण्यात दोन लहान चमचे सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं ते, विरघळवून अर्धा तास ठेवा. पांढरं व्हिनेगर कपभर घातलं तरी चालेल. यात ब्लीच चुकूनही मिसळू नका. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, तो छातीला घातक असतो. ब्लीच एरवीही नको, त्यानं नायलॉनचा तंतू खराब होतो.

शेवटचं पाणी मात्र बोअरचं नको, नाहीतर केलेलं सगळं वाया. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी बादलीत धरा आणि गाळून घ्या. हवेतली वाफ थंड होऊन आलेलं पाणी ते, त्यात क्षार जवळजवळ नसतातच. आणि आपल्या कोल्हापूरला पावसाची काय कमी! पहिले काही पाऊस छप्पर धुऊन गेले की पन्हाळीखाली बादली लावा. आरओचं वाया जाणारं पाणी कित्येक घरांत धुण्याला वापरतात. पाणी वाचवायला ते चांगलंच आहे, पण टॉवेलांसाठी ते चालणार नाही, कारण गाळणीनं अडवलेले सगळे क्षार त्याच पाण्यात आलेले असतात.

तुमचं पाणी किती कठीण आहे ते घरीच बघता येतं. दोन सारख्या बाटल्या घ्या, एकीत बोअरचं पाणी, दुसरीत आरओचं पिण्याचं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा चिमूटभर कीस टाकून हलवा. बोअरच्या बाटलीत फेस कमी आणि दुधी साका जास्त दिसला, तर समजा. ही परीक्षा लिक्विड घालून करू नका, डिटर्जंटला कठीण पाण्यात थोडा कमी का होईना, पण फेस येतोच आणि फरक नीट कळत नाही.

टॉवेल सावलीत, रस्त्याच्या धुळीपासून लांब वाळवा. इस्त्री अजिबात नको. सुती कपड्यांबरोबर मशिनला टाकू नका, नाहीतर कापसाचा तंतू न् तंतू काळ्या बॉनेटवर दिसतो. आणि गाडीच्या रंगावर लावायचं सिरॅमिक कोटिंग पुसलेला एखादा टॉवेल त्या आठांत असेल, तर तो आजच टाकून द्या. ते द्रव्य धाग्यात काचेसारखं घट्ट होतं आणि कुठल्याच डिटर्जंटनं निघत नाही.

मूळ लेखात मी आज बोअरच्या पाण्याचा भाग अगदी सुरुवातीला घातलाय, आणि तो कुणाच्या प्रतिक्रियेमुळे आला तेही लिहिलंय. लिंबूसत्त्वात भिजवून झाल्यावर थेंबाची परीक्षा पुन्हा घ्या आणि काय दिसलं ते इथंच कळवा. त्यातूनही जे दोन-तीन टॉवेल कडक राहतील, त्यांच्या कोपऱ्याला गाठ मारून चाकांसाठी ठेवा.